पाइपावरची कोरी जागा

"आई, सोडव! धरलंय त्यानं मला, सोडव ना!"

पोरगी किंचाळत होती आणि माझ्या हातानं बक्कल सुटत नव्हतं. पट्टा मांडीत असा रुतलेला की माझं नखसुद्धा खाली जाईना. गुडघ्याजवळची कडी अडकून बसली होती, वर होईना की खाली होईना, आणि तो पाय, माझ्या लेकीचा काडीसारखा डावा पाय, बोटांकडून निळा पडत चालला होता. मी ओढलं. तेल ओतलं. शेवटी दातांत धरून ओढलं, तर चामड्याला हळदीची चव. ती हळद मीच लावली होती.

सासूबाई दारातून आल्या. "काय व्हयनं वं? पोर काब्र रडी ऱ्हायनी?"

"बूट निघत नाही आत्याबाई, पाय निळा पडला!"

"मंग काप ना तो पट्टा!"

"कशानं कापू?"

विचारलं आणि दोघींनी एकदमच कोपऱ्यात पाहिलं. कोपऱ्यात पाट होता, पाटावर कात्री, विळा, ह्यांचा पाना, पक्कड, सगळं हळदीकुंकवानं माखलेलं, झेंडूचं फूल एकेकावर. घरातली धार असलेली एकूण एक वस्तू तिथं होती. नवमीला पूजा केलेली, दसऱ्याची संध्याकाळ झाल्याशिवाय उचलायची नाही. आणि ही दसऱ्याची सकाळ.

मी उठले तशा त्या आडव्या आल्या. "आगे, त्याले हात नको लाऊ! हत्यारं पूजामा शेतस!"

"तुम्हीच म्हणालात ना काप!"

"मी काप म्हन्तं, ते उचल नही म्हन्तं!"

मी उचलली. देवाला काय म्हणायचं ते नंतर म्हणू असं वाटायलासुद्धा वेळ नव्हता. कात्री उचलली, फूल खाली पडलं, आणि मी तो पट्टा कापला. चिवट चामडं, दोन्ही हातांनी दाबावं लागलं, मध्येच कात्री निसटून माझ्या अंगठ्यात गेली, तेही मला मागाहून कळलं. पट्टा तुटला. पायात रक्त परत आलं तसं पोरगी आणखीच ओरडली, मुंग्या येत असतील. मी पाय चोळत बसले आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू म्हणालीस ते आपलं झालं."

हे ती का म्हणाली ते सांगते, नाहीतर कुणाला काही कळायचं नाही.

पोरगी दीड वर्षाची असताना ताप आला आणि पाय गेला. पोलिओ. तेव्हा आता येतात तसे दारोदार डोस पाजायला कुणी येत नव्हतं, आणि मी पाचवीपर्यंत शिकलेली, मला वाटलं तापच आहे, उतरेल. ताप उतरला. पाय राहिला तसाच. पाच वर्षांची झाली तेव्हा धुळ्याला शिबिरात तिला बूट मिळाला. कॅलिपर म्हणतात त्याला. खाली चामड्याचा बूट, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या मांडीपर्यंत, गुडघ्याला कडी. कडी खाली पाडली की पाय काठीसारखा उभा राहतो, वर ओढली की वाकवून बसता येतं. डॉक्टर म्हणाले, रोज घालायचा, रोज. नाही घातला तर पाय आखडेल, मग कुठलाच बूट बसणार नाही आणि पोर कायमची सरपटणार.

आणि माझी पोरगी तो बूट घालायची नाही. लाथ मारायची, चावायची. कारण काय, तर ते लोखंडवाल्यांचं आहे.

लोखंडवाले म्हणजे आमच्या ह्यांच्या डोक्यातले. हे जळगावात पाइपाच्या कारखान्यात मशीनवर. बूट मिळायच्या आधी पाय सरळ व्हावा म्हणून पोरीला प्लास्टर घातलं होतं, दोन महिने खोलीबाहेर निघणं नाही, तेव्हा ह्यांनी तिच्यासाठी एक खेळ तयार केला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घरं आखली. एका बाजूला लोखंडवाल्यांचं राज्य, त्यांचे शिपाई म्हणजे नटबोल्ट. दुसऱ्या बाजूला मंत्रवाल्यांचं राज्य, त्यांच्या लाल गुंजा. मधे जंगल. कारखान्यातले वाया गेलेले ठिबकचे ड्रिपर होते ना, ते जंगलातली झाडं. चिंचोके टाकायचे आणि चालायचं. नट मंत्रवाल्यांच्या घरात गेला की गंजून मरतो, गुंज लोखंडवाल्यांच्या घरात गेली की फुटते. पोरगी कायम मंत्रवाली.

एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक. पण ती विचारायची, ह्यांचं भांडण कशावरून झालं? त्याच्या आधी काय होतं? मग ह्यांनी एक हातभर करड्या पाइपाचा नापास तुकडा आणला आणि त्यावर मार्करनं त्या राज्यांची सनावळी लिहायला घेतली. वरच्या टोकाला सन एक, लोखंड मुकं होतं. सन पाच, पहिला मंत्र एका म्हातारीला पावसात सापडला. सन बारा, लोखंडवाल्यांनी डोंगर फोडला. अशी पाइपाभोवती फिरत फिरत खाली जायची ती सनावळी, आणि अगदी खालच्या टोकाला ह्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, सन शंभर, मंत्रलोखंडी माणसं.

ही मंत्रलोखंडी माणसं कशी, तर कुणाचा हात लोखंडाचा, कुणाचा पाय, कुणाचा डोळा यंत्राचा, पण आत मंत्र भरलेला. मंत्र म्हटला की हात आपोआप उचलतो, पाय डोंगर चढतो, बोटांतून सायकलच्या डायनॅमोसारखा उजेड पडतो. हे सांगायला लागले की मी पोळी तव्यावर विसरायचे. मला वाटायचं, हा माणूस दिवसभर मशीनपुढे उभा राहून हे बघतो की काय?

पण मधे एक जागा कोरी होती. सन चाळीस. लोखंड आणि मंत्र पहिल्यांदा एक झाले ते वर्ष. नुसता आकडा लिहिलेला, पुढे काही नाही.

"बाबा, सन चाळीसमध्ये काय झालं?"

"सुचलं नाही अजून."

"मग सुचव."

"देवानं मंत्र फुंकला असं लिहू?"

"खोटं," ती म्हणायची. "आधी फुंकला असता मग."

दुसऱ्या दिवशी वेगळं सांगायचे. वीज पडली. राजकन्येनं लग्न केलं. पोरगी सगळ्याला खोटं म्हणायची आणि खरं कळेपर्यंत बूट घालायची नाही. हे हसायचे. मला हसू यायचं नाही. मला रोज रात्री स्वप्नात पोरगी मोठी होऊन सरपटताना दिसायची.

मग नवमी आली. हत्यारांची पूजा. मी कात्री घासली, विळा घासला, पाना पुसला, आणि काय मनात आलं कोण जाणे, खुंटीवरचा बूट काढला. म्हटलं हेही लोखंडच, ह्यानंही आपल्या घरात काम करावं. चांगला राखेनं घासला. चिंचेनं घासला. उकळतं पाणी ओतून ओतून धुतला, पितळेच्या हंड्यासारखा पट्ट्या चमकवल्या, आणि वाळायला पत्र्यावर टाकला, कडक उन्हात. मग पाटावर ठेवून हळदकुंकू, गुळाचं पाणी, लाल दोरा. दोरा मी नेमका गुडघ्याच्या कडीला बांधला, कारण बांधायला तिथंच जागा होती.

पोरगी सरकत सरकत आली आणि बघत बसली. एरवी त्या बुटाकडे पाठ करायची, त्या दिवशी हनुवटी हातावर ठेवून बसली. "आई, तू त्याला काय म्हटलं?"

"म्हटलं, माझ्या लेकीला संभाळ."

"मंत्र म्हटला?"

"हो, तसंच."

"मग आता ते आपलं झालं?"

मी म्हटलं, झालं.

सकाळी उठून ती स्वतः म्हणाली, बूट घाल. स्वतः! मला सोनं द्यायला चालत जायचंय म्हणाली, शेजारच्या खोल्यांमधून. हे झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेले होते. पूजेतलं उचलू नये हे मला माहीत होतं, सासूबाई आंघोळीला गेलेल्या. मी उचलला. बक्कल लागेना, भोक पुढे येईना. मी गुडघा टेकून, ओढून ओढून लावलं. मला एवढा आनंद झाला होता की पट्टा लहान का झाला हे डोक्यातच आलं नाही. कडी पाडली, खट्‌ करून अडकली. आणि पुढचं सांगितलंच.

हे पिशवी घेऊन आले तर घरात हे असं. पाटावरची कात्री रक्ताची, पट्टा तुटलेला, पोरगी भिंतीकडे तोंड करून. सासूबाईंनी सगळं एका दमात सांगितलं, पूजेतलं उचललं म्हणून धरलं, हिला मी नको म्हणत होते, असं सगळं. ह्यांनी बूट हातात घेऊन कडी हलवून बघितली. मला म्हणाले, "अगं, चामडं उकळत्या पाण्यानं धुतात का?" रागावले असते तर बरं झालं असतं.

पोरगी भिंतीला म्हणाली, "लोखंडवाले खोटारडे."

एकादशी, मग दोन दिवस गेले. तिनं बुटाचं नाव काढू दिलं नाही. पाय तेवढ्यातच गुडघ्यात वाकायला लागल्यासारखा मला दिसायचा, खरं होतं की माझं भय ते माहीत नाही. हे नव्या ऑर्डरीमुळे दोन पाळ्या करत होते, सुटी मिळेना. मग मी म्हटलं, मीच जाते धुळ्याला.

"एकली कशी जाशी वं तू? तुले धुळानं स्टँड तरी माहीत शे का?" सासूबाई म्हणाल्या. नव्हतंच माहीत. निघताना त्यांनीच पिशवीत दशम्या घातल्या, पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मी बठ्ठा देव पाण्यामा ठेवसू. पन तू त्या बूटले पाणी नको लाऊ आते!"

एरंडोल गेलं, पारोळा गेलं, पोरगी मांडीवर, बूट पिशवीत, पिशवी पायांत घट्ट धरलेली. प्रत्येक थांब्याला मी कंडक्टरला विचारत होते धुळं आलं का. शेवटी तो म्हणाला, "ताई, धुळं आलं की मी स्वतः तुमचं सामान उतरवतो, तोवर मला तिकिटं फाडू द्या."

शिबिरवाल्यांचं बूट बनवायचं दुकान, दुकान म्हणजे लांबडी शेड होती, रिक्षावाल्यानं दारात सोडलं. मी आत पाऊल टाकलं आणि थांबले.

भिंतभर पाय. खरंच सांगते, छतापासून खालपर्यंत पाय आणि हात टांगलेले. लाकडाचे, लोखंडाचे, रबराचे. मोठ्या माणसाचे, आणि एवढे एवढे, बाहुलीएवढे. हात उघडलेले, हात मिटलेले. वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप यायची आणि त्या सगळ्या पट्ट्या आणि कड्या एकदम चमकायच्या. ऐरणीवर ठोकलं की ते सगळे पाय खुंट्यांवर थोडे थोडे हलायचे, जसे काय आता उतरून चालायलाच लागतील. माझ्या अंगावर काटा आला. भीती नव्हती ती. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा होतं ना, तसं काहीतरी.

पोरीनं माझ्या गळ्याला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "आई. हे सन शंभर आहे."

आत एक म्हातारे मिस्त्री होते, चष्म्याला दोरी बांधलेली. त्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. "हळद?"

मी मान खाली घातली. "नवमीला पूजा केली नाना."

"आम्हीही करतो." त्यांनी ऐरणीकडे बोट दाखवलं, तिच्यावर कुंकू होतं. "पण बाई, देवावर पाणी शिंपडतात, आम्ही त्याला उन्हात वाळत नाही घालत. आणि हे कडीत काय आहे? गूळ?"

"गुळाचं पाणी."

"मुंग्यांनी चालवला असता हा बूट," असं म्हणून ते हसले, आणि मी हसले की रडले, मला आठवत नाही, दोन्ही झालं असेल.

त्यांनी कडी खोलली. रॉकेलनं धुतली, आतून लाल पिवळा गाळ निघाला. लाल दोरा त्या गाळात गुरफटलेला. तो चिमट्यात धरून ते टाकायला निघाले तशी पोरगी ओरडली, "नको! तो मंत्र आहे!"

मिस्त्रींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं रागावतील. "कसला मंत्र?" त्यांनी विचारलं. आणि पोरीनं सगळं सांगितलं, लोखंडवाले, मंत्रवाले, पाइप, कोरी जागा. माणसाचं हातातलं काम थांबलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे तुझ्या आईनं बांधला तेव्हा लोखंड आणि मंत्र पहिल्यांदा एकत्र आले?"

"पण त्यानं मला धरलं," ती म्हणाली.

"धरणारच. मंत्र कडीत अडकला होता." त्यांनी दोरा धुतला, पिळला, आणि वर मांडीजवळच्या पट्टीला बांधला. "इथं राहू दे. इथं कामाच्या आड येत नाही."

नवं चामडं लावलं. तेल सोडलं. मग बूट तिच्या कानाजवळ धरला आणि कडी हळूच पाडली.

टक्‌.

"पुन्हा," ती म्हणाली.

टक्‌.

"बोललं," ती म्हणाली, आणि आपणहून पाय पुढे केला.

शेडमध्ये दोन आडवे बांबू होते, धरून चालायला. तिला मी उभं केलं. तिनं एक बांबू धरला, कडी पडली, टक्‌, आणि ती उभी राहिली, माझ्या हाताशिवाय. मग उजवा पाय. मग डावा ओढून, पुढे फेकून. भिंतीवरचे पाय हलत होते, ऊन तिच्या पट्ट्यांवर पडून सगळ्या शेडभर नाचत होतं, आणि ती मधून चालत होती, ओठ दाबून, मंत्र म्हणावा तसं काहीतरी पुटपुटत. मी खाली बसले. आपण हिला जन्म दिला हे मला तेव्हा खोटं वाटायला लागलं, एवढी ती मोठी दिसत होती.

बांबूच्या टोकाला जाऊन तिनं मिस्त्रींना विचारलं, "नाना, मंत्र आत बसला का?"

ते हात पुसत म्हणाले, "मी तेल घातलं, पोरी. बाकीचं तुझ्या आईला विचार."

बसमध्ये ती झोपली. घरी आलो तेव्हा दिवेलागणीची वेळ. ती दारापासून पाटापर्यंत चालली, टक्‌, टक्‌, आणि सासूबाईंनी तिची दृष्ट काढता काढता मला म्हटलं, "पाणी नही लायं ना?" ह्यांनी फळीवरून तो पाइप काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि मार्कर पुढे केला. "तू लिही. तूच केलंस."

"माझं अक्षर..."

"तूच लिही."

सन चाळीस. पुढे कोरं. कारखान्याचा मार्कर, ती शाई प्लास्टिकवरून पुन्हा निघत नाही. पोरगी समोर बसली, बूट घातलेला पाय सरळ करून, एक हात लाल दोऱ्यावर. सकाळी पुन्हा घालायचा की नाही, हे तिनं अजून सांगितलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "खरं लिही. खोटं लिहिलंस तर मला कळतं."

खरं काय? खरं हे की आईनं अडाणीपणानं चामडं उकळलं, कडीत गूळ भरला, लेकीचा पाय जवळजवळ घालवला, आणि एका म्हाताऱ्यानं रॉकेल आणि तेलानं तो वाचवला. तसं लिहिलं तर लोखंड नुसतं लोखंड राहतं, दोरा नुसता दोरा, आणि उद्या ती परत भिंतीकडे तोंड करते. मंत्र बसला असं लिहावं तर ती चालेल, रोज चालेल, पण कधीतरी ती कडी पुन्हा अडकणारच, आणि त्या दिवशी ती माझ्याकडे बघेल, त्या सकाळी बघितलं तशी. आणि खरं सांगू का, मला स्वतःलाच माहीत नव्हतं. त्या शेडमध्ये तो आवाज मीसुद्धा ऐकला होता.

मी टोपण काढून बसले होते. सगळे माझ्या हाताकडे बघत होते आणि मार्करचं टोक सुकत चाललं होतं. तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?